कापडाचा बुश

मित्रांनो, वच्छलाबाईंच्या संत्र्याच्या बागेत कधी आलात, तर खोपीच्या कोनाड्यात हात घालून पाहा. तपकिरी रंगाचं, जाड, एका अंगाला झिजलेलं एक कडं हाताला लागेल. येणारा-जाणारा ते उचलतो आणि हमखास विचारतो, "ही बांगडी कोनाची वं?" पूर्वी मला याचा राग यायचा, आता सवय झाली. पण एकदा नीट सांगून टाकतो, मी बांगडी नाही, मी रहाटाचा बुश आहे. फिरणारा लोखंडी आस ज्या भोकात बसतो, त्या भोकाचं अस्तर म्हणजे बुश. आसानं फिरावं, आपण झिजावं आणि यंत्र शाबूत ठेवावं, एवढंच आमचं काम. ते काम मी वरूडजवळच्या एका विहिरीवर बावीस वर्षं केलं.

माझं अंग सुती कापडाचं आहे. हसू नका, खरंच आहे. कापडाचे थरावर थर रचायचे, चिकट रसायनात भिजवायचे आणि तापवून भयंकर दाबाखाली धरायचे. मग त्यांचा असा टणक ठोकळा होतो की नखानं साधा ओरखडासुद्धा उठत नाही. तो लेथवर चढवून त्याला भोक पाडलं की झालो मी. आज तुमच्या खेळण्यातल्या मोटारीपासून कपडे धुण्याच्या मशिनपर्यंत प्लास्टिकची बेअरिंगं असतात ना, मी त्यांच्या आजोबांपैकी एक. मला विलायतेत बनवलं. पण त्या काळी वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून विलायतेला जायचा, तेव्हा माझ्यातलं सूत इथल्याच काळ्या मातीतलं असणार, असं मी मनाशी धरून चाललो आहे. पुरावा मागू नका. म्हाताऱ्याची एवढी हौस चालवून घ्या.

दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराच्या मोडीचे ढीग बाजारात आले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अमरावतीच्या जुन्या बाजारात एका गंजक्या डब्यात आम्ही दोघं जुळे भाऊ पडलो होतो. वरूडचे नत्थुजी मिस्त्री तिथं जुनी हत्यारं शोधत आले होते. त्यांनी मला उचललं, नखानं टोकरलं, वास घेतला, कानाशी धरून टिचकी मारली आणि दोघांनाही धोतराच्या सोग्यात बांधून नेलं. माणूस वाढईकाम म्हणजे सुतारकी करायचा, लोहारकाम करायचा, आणि नवी वस्तू दिसली की तिच्या मागं लागायचा. त्यापायी लोक त्यांना मागून हसायचे.

माझ्या भावाचं मात्र वाईट झालं. नत्थुजींनी त्याला अकोल्याकडच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वेगानं फिरणाऱ्या आसावर बसवलं. तिथं पाणी नाही, वारा नाही, नुसती उष्णता आणि कापसाची धूळ. दुसऱ्या दिवशी जळका वास सुटला आणि तिसऱ्या दिवशी तो कोळसा होऊन बाहेर आला. जिनातले लोक नत्थुजींना म्हणाले, "कापडाचे बुश घालता, उद्या कागदाचे घालसान!" ती गोष्ट वरूडपर्यंत पोचली. त्या दिवसापासून नत्थुजी मला खिशात घेऊन फिरू लागले. कुठे बसवायचं हे नीट ठरल्याशिवाय मला कुणाच्या हाती द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता गंगूबाई. किसनराव आणि गंगूबाई हे माळी कुटुंब. त्यांची सव्वाशे झाडांची संत्र्याची बाग होती. म्हणायला बाग दोघांची, पण झाडं गंगूबाईची. जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं केली तेव्हा पट्ट्या गुंडाळायला तीच बसली होती. पहिले दोन उन्हाळे रहाट नव्हता, तेव्हा तिनं डोक्यावरून हंडे वाहून एकेक रोप जगवलं. पुढं किसनरावांनी विहिरीवर लोखंडी रहाट बसवला. बैल गोल फिरायचे, दात्यांची चाकं फिरायची, आस फिरायचा आणि पोहरे भरभरून वर यायचे. गंगूबाई त्या दिवशी रहाटाला हळदकुंकू लावून त्याच्या पाया पडली म्हणतात. तिच्या डोक्यावरचं ओझंच त्यानं उतरवलं होतं ना!

पण त्या रहाटाला एक खोड होती. विहिरीच्या अंगाला आसाखाली पितळी बुश होता आणि पोहऱ्यांचं पाणी सारखं त्याच्यावर पडायचं. ग्रीस लावलं की तासाभरात धुऊन जायचं. ते जायचं कुठं? विहिरीत. तेच पाणी घरी प्यायला लागायचं, आणि त्यावर तेलकट तवंग तरंगायचा. पितळ कोरडं पडून कुरकुरायचं, झिजायचं, वर्षातून दोनदा बदलावं लागायचं. किसनरावांनी शेवटी नत्थुजींना बोलावलं.

नत्थुजी पाण्याचे थेंब मोजत असल्यासारखे विहिरीच्या काठावर बराच वेळ बसले. मग खिशातून मला काढलं.

"हा घालतो," ते म्हणाले.

किसनरावांनी मला हातात घेऊन उलटं-पालटं केलं. "हा तं कापडाचा हाय! धोतरात आस गुंडायता का काय, नत्थुजी? अकोल्याचं आईकलं हाय मी."

"अकोल्यात चूक माही होती, याची नाई," नत्थुजी म्हणाले. "बुश घ्याचा तं आंधी पाहा लागते, आस किती जोरानं फिरते, वजन किती हाय, जागा कोरडी हाय का वली हाय. याले गरमी सोसत नाई. पन तुमचा रहाट बैलाच्या चालीनं फिरते आन पानी तं आपोआपच पडून राह्यलं. पितळाले जे पानी मारते, तेच याचं तेल हाय. ग्रीस नाई, तेल नाई, कायी नाई. पानी."

"आन बैलाकडचा बुश?"

"तिथं पितळच राहू द्या. तिथं धूळ हाय, पानी नाई. सगळीकडं एकच दवाई चालते का?"

गंगूबाई पलीकडं पाटाची माती ओढत होती. ती खोरं टेकवून जवळ आली. "खरंच कापडाचा हाय?" तिनं विचारलं. मला तळहातावर घेऊन तिनं अंगठ्यानं गोंजारलं आणि म्हणाली, "मंग हा आपलाच हाय. बसवा."

नत्थुजींनी मला बसवताना आसाभोवती केसभर जागा जास्त ठेवली, कारण पाणी पिऊन मी जरासा फुगतो हे त्यांना ठाऊक होतं. बैल जुंपले. पहिला पोहरा वर आला, त्याचं पाणी माझ्यावर पडलं, आणि आस माझ्यात इतका अलगद फिरू लागला की किसनराव कुरकुर ऐकायला कान लावून बसले आणि काहीच ऐकू आलं नाही. विहिरीतला तवंग आठ-दहा दिवसांत गेला. ते माझे सोन्याचे दिवस होते. पहाटेची बैलांच्या गळ्यातली घुंगरं, पाटातून झुळझुळणारं पाणी, आणि मधूनच गंगूबाईचं गुणगुणणं अजूनही आठवतं.

मग हिवाळा आला, आणि बागेला ताण द्यायची वेळ आली.

मित्रांनो, संत्र्याच्या झाडाला मोहर हवा असेल तर त्याला आधी तहानेलं ठेवावं लागतं. दीड-दोन महिने पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, फांद्या सुस्तावतात, झाड आतल्या आत बळ साठवतं. मग नेमक्या दिवशी आळ्यात खत घालून पाणी सोडायचं. पहिल्या पाण्याला आंबवणी म्हणतात, दुसऱ्याला चिंबवणी. त्या पाण्यानं झाड खडबडून जागं होतं आणि मोहरानं भरतं. पण तो दिवस चुकला, ताण लांबला, तर पानं झडतात, काड्या वाळतात आणि वर्ष हातचं जातं. गंगूबाईच्या झाडांचा तो पहिलाच बहार होता. सहा वर्षं ती त्याच्यासाठी थांबली होती.

रहाट थांबला. गंगूबाई मात्र रोज बागेत यायची. जी झाडं तिनं हंड्यांनी पाजली, तीच तहानेनं माना टाकताना तिला बघवत नसे. एखाद्या पानाला हात लावून ती म्हणायची, "जरा दम धर, माय." पाणी द्यायचं नाही हे तिला कळत होतं. पण माया कुठंतरी सांडायची राहत नाही, आणि ती सांडली माझ्यावर. एका सकाळी ती रहाटापाशी थांबली, माझ्यावर बोट फिरवलं, ते कोरडं ठणठणीत लागलं.

"झाडाईचं ठीक हाय," ती म्हणाली, "पन तुह्यावर काहून ताण? तुले कोठं मोहर येनार हाय?"

रहाट फिरवायची तर बंदी, आणि ताणात बागेत थेंबभरही पाणी आणायचं नाही असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग दुसऱ्या दिवसापासून ती घरून पळीभर जवसाचं तेल आणू लागली. आपल्या भाकरीवरचं तेल ती आसाच्या फटीत सोडायची. रोज. महिनाभर. नत्थुजींनी तेल नको म्हटलेलं तिला आठवत होतं, पण ते रहाट चालू असतानाचं, असं तिनं आपलं मनाशी ठरवलं. मला ते तेल नको होतं. मला तोंड नव्हतं म्हणून सांगता आलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, तोंड असतं तरी मी बोललो नसतो. इतक्या मायेनं मला कुणी कधी काही दिलं नव्हतं.

आंबवणीचा दिवस ठरला. झाडांची आळी खणून झाली, खत पडलं, पाट सारवल्यासारखे साफ झाले. किसनरावांनी सकाळीच हौश्या आणि गुलब्या हे बैल जुंपले आणि हाक दिली. बैलांनी जोर लावला. रहाट जागचा हलला नाही. पुन्हा हाक, पुन्हा जोर, आणि दात्यांच्या चाकातून असा काही आवाज निघाला की विहिरीतले पारवे उडाले. माझ्या पोटात आस घट्ट धरला गेला होता. मी सोडू म्हणत होतो, पण सुटत नव्हतो.

किसनरावांनी बैलांना टोचायची तुतारी उचलली. गंगूबाई धावत येऊन बैलांच्या तोंडापुढं उभी राहिली.

"मारू नोका! दाते तुटतीन!"

"मंग काय करू? आज पानी पडलं पायजे!" किसनराव ओरडले. "सांगतलं होतं मी, कापडाचा बुश हाय म्हून! आता फोडून काढा लागते याले. नवा पितळी बुश अमरावतीहून येईस्तोवर आठ रोज जातीन. आठ रोज झाडं राहतीन का?"

गंगूबाईनं झाडांकडं पाहिलं. बांधाकडच्या ओळीत पानं पडायला लागली होती. किसनरावांनी नत्थुजींकडं माणूस धाडला आणि तोवर घण आणून माझ्याशेजारी ठेवला. दुपारपर्यंत मी त्या घणाकडं बघत होतो. मरणाची भीती वाटली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण त्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं की नत्थुजींना लोक पुन्हा हसतील.

उन्हं कलायच्या सुमारास नत्थुजी घाईघाईनं आले. त्यांनी आसाच्या फटीत बोट फिरवलं. बोटाला पिवळट, चिवट, धुळीनं काळवंडलेली खळ लागली. त्यांनी ती नाकाशी नेली. वास घेतला आणि हळूच मान वर करून गंगूबाईकडं पाहिलं. ती एका बाजूला पदर तोंडाशी धरून उभी होती. नत्थुजींना सगळं कळलं. मला वाटलं, आता ते सांगणार आणि मोकळे होणार.

ते म्हणाले, "किसनराव, माहाच अंदाज चुकला असंन. जागा कमी ठेवली म्या."

मी आयुष्यात पुष्कळ ओझं वाहिलं आहे, पण त्या क्षणाएवढं जड मला काही वाटलं नाही. किसनरावांनी घण उचलला. "मंग फोडतो याले. आन नत्थुजी, राग नोका मानू, पन आजपासून या विहिरीवर तुमचं काम नाई."

"थांबा." गंगूबाई पुढं आली. "त्याहिची चूक नाई. बुशाची नाई. म्या तेल घातलं त्याच्यात. रोज पळीभर. घरचं, जवसाचं."

किसनरावांचा घण हवेतच राहिला. "तू? काहून?"

"कोरडा पडला होता वो! झाडाईले पानी देता ये नाई, त्याले तरी कायी द्यावं वाटलं." आणि ती रडू लागली. "म्याच माह्या झाडाईच्या तोंडचं पानी तोडलं."

तेवढ्यात नत्थुजी म्हणाले, "रडू नोको, बाई. चूक अर्धी माही हाय. चालू असतानी काय करा ते सांगतलं, बंद असतानी काय करा ते सांगतलंच नाई म्या. आन जवसाचं तेल कसं राहते मालूम हाय का? आमी तेच दाराच्या फळ्याईले लावतो. काहून? तं ते वाळून कडक होते म्हून! फळीले चांगलं, बुशाले फास. बुश मेला नाई तुमचा. त्याचं तोंड चिकटलं हाय फक्त. राकेल हाय का घरी?"

राकेल तेव्हा मापून मिळायचं. घरात होतं ते कंदिलातलंच. गंगूबाई घराकडं धावत गेली आणि कंदील तसाच घेऊन आली. नत्थुजींनी त्यातलं राकेल थेंब थेंब फटीत सोडलं. बांबूच्या कामट्या तासून त्यांनी खळ खरडायला घेतली. लोखंड लावू दिलं नाही, मला चरे पडतील म्हणून. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं गंगूबाई. थोड्या वेळानं किसनरावांनी घण खाली ठेवला, एक कामटी घेतली आणि तेही खरडायला बसले. माझ्या अंगावर एवढी माणसं एका वेळी कधी वाकली नव्हती. शेवटी दोरानं विहिरीतून घागर ओढून मला धुतलं. थंड पाणी आत शिरलं आणि मला माझं अंग पुन्हा माझं वाटलं.

"आता हाना बैलाईले," नत्थुजी म्हणाले. "पन हळू."

बैलांनी पाऊल टाकलं. आस थरथरला, अडला, आणि फिरला. पहिला पोहरा भरून वर आला, मग दुसरा, मग तिसरा. पाटाच्या कोरड्या मातीनं पहिलं पाणी पिऊन टाकलं. मग धार पुढं सरकली आणि बांधाकडच्या ओळीतल्या पहिल्या आळ्यात शिरली. गंगूबाई तिथं गुडघ्यांवर बसून होती. पाणी तिच्या बोटांना लागलं तेव्हा तिनं डोळे मिटले. अंधार पडेपर्यंत किसनराव स्वतः बैलांमागं फिरले. कंदिलात राकेल नव्हतं, म्हणून त्या दिवशी त्यांच्या घरी चुलीच्या उजेडात जेवणं झाली. जेवणाऱ्यांत नत्थुजीही होते.

महिनाभरात बाग पांढऱ्या मोहरानं फुलली. तो वास रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवाल्यांनाही थांबवायचा. बांधाकडची चार झाडं तेवढी मागं राहिली, बाकीची लगडली. फळं उतरली तेव्हा पहिली टोपली नत्थुजींच्या घरी गेली, आणि एक संत्रं गंगूबाईनं रहाटाच्या तुळईवर, माझ्यासमोर आणून ठेवलं. मी ते खाऊ शकत नव्हतो हे तिलाही माहीत होतं.

त्यानंतर दरवर्षी ताणाच्या महिन्यात ती रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन यायची. "झाडाईले नाई," ती झाडांना ऐकू जाईल अशा बेतानं हळू म्हणायची, "याले फक्त," आणि माझ्यावर धार धरायची. एवढ्या कोरड्या बागेत ओला मी एकटाच असायचो. थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं, पण बरंही वाटायचं.

मग दिवस बदलले. नत्थुजी गेले, किसनराव गेले. मध्यप्रांत जाऊन नवी राज्यं आली, विजेचे खांब आले, विहिरीवर मोटार बसली. रहाट मोडीत निघाला तेव्हा गंगूबाईनं त्याच्यातून मला तेवढं काढून घेतलं आणि या कोनाड्यात ठेवलं. मी आतून एका अंगाला झिजलो होतो, पण तडा एकही नव्हता. पुढं तीही गेली. मग कोळिष्टकं आली, धूळ आली. पंधरा-वीस वर्षं मला कुणी हात लावला नाही. मोटारीचा आवाज ऐकत मी पडून राहायचो आणि घुंगरं आठवायचो. पुढं खोपीत पुन्हा माणसांची ये-जा सुरू झाली आणि बांगडी म्हणून मला उचलणारे भेटू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरात कितीतरी यंत्रं येतात. कुणाला तेल लागतं, कुणाला तेलानंच मरण येतं. कुणाला ऊन सोसतं, कुणाला पाणी. आणताना ते कुठे आणि कसं चालणार आहे हे पाहा, आणि बंद ठेवताना त्याला काय हवं हेही एकदा विचारून घ्या. गंगूबाईची माया खोटी नव्हती. पण तिनं विचारलं नव्हतं, आणि तेवढ्यावरून सहा वर्षांची बाग जायला निघाली होती. आणि चूक झालीच, तर तिच्यासारखं पुढं येऊन सांगा. तिनं तोंड उघडलं म्हणून मी वाचलो, झाडं वाचली आणि एका भल्या माणसाची लाज वाचली.

गेल्या दसऱ्याची गोष्ट सांगतो आणि थांबतो. गंगूबाईची सून वच्छला आता स्वतः सासू झाली आहे. तिची नवी सून शकुन हत्यारांच्या पूजेसाठी खोपीत आली. विळे, कात्र्या पुसून तिनं ओळीनं मांडल्या, कोनाड्यातून मला काढलं, पदरानं धूळ पुसली आणि तेलाच्या वाटीत बोट बुडवलं. मी सगळा आकसलो.

"थांब, शकुन!" दारातून वच्छला म्हणाली. "त्याले तेल नोको लावू."

"काहून, आत्याबाई? दसरा हाय न."

"माह्या सासूनं सांगून ठेवलं हाय. त्याले पानी लागते."

शकुन हसली नाही, की मला बांगडीही म्हणाली नाही. बाहेर जाऊन तिनं तांब्या भरून आणला आणि दोन्ही हातांनी धरून माझ्यावर ओतला. पाणी माझ्या पोटातून आरपार गेलं आणि खालच्या मातीत जिरलं. आत आस नव्हता, काम काही नव्हतं. तरी जुन्या सवयीनं मी जरासा फुगलो.